जात्यावर बसलं की

कन्नडहून चाळीसगावकडे उतरताना औट्रम घाट लागतो. पहिल्यांदा मी या सातमाळ्याच्या रांगेत आले ती पितळखोऱ्याची लेणी बघायला, मग अंतूरच्या किल्ल्यासाठी, आणि गेली कित्येक वर्षं येते आहे ती फक्त इथली माणसं बोलती करायला. घाटाला नाव जेम्स औट्रमचं. १८२५ साली खानदेशात भिल्लांची पलटण उभी करणारा हा इंग्रज अधिकारी. त्याचं चरित्र छापलेलं आहे. पलटणीत भरती झालेल्या भिल्लांच्या तोंडचं एक पान मात्र मला आजवर सापडलेलं नाही, आणि हे मला फार सलतं.

डोंगरातल्या माणसांकडूनच डोंगर समजून घ्यायचे प्रयत्न झाले आहेत. लंडनच्या ‘पॅनोस’ संस्थेने गढवाल-किन्नौरपासून पेरूपर्यंतच्या तीनशेहून अधिक डोंगरवासीयांच्या मुलाखती जमवल्या. विद्यापीठात शिकवणाऱ्या प्रभाकर मांडे यांनी भटक्यांच्या पालांवर जाऊन त्यांचं मौखिक धन टिपलं. पण माझा जीव अडकला आहे तो जात्यात.

कसा, ते सांगते. घाटाच्या अंगाला असलेल्या एका भिल्लवस्तीवर मी पहिल्यांदा गेले ती प्रश्नांची यादी घेऊन. जमीन किती, शिकलं कोण, ऊसतोडीला कधीपासून जाता? समोरच्या आजी ‘हां’, ‘असंल’ एवढंच म्हणत राहिल्या. पुढच्या खेपेला त्या मक्याची कणसं सोलत होत्या. मीही एक कणीस उचललं. दोन तास त्या बोलत होत्या. मोळी उतरवून दम खायचा दगड कोणता, पावसाळ्यात कुठली उतरण पाय घसरवते, कुठल्या झाडाखाली त्यांना पहिल्या लेकराच्या कळा आल्या. सगळा डोंगर त्यांनी डोक्यावरच्या ओझ्याच्या हिशेबाने सांगितला. मी निघाले तेव्हा म्हणाल्या, “मागल्या बारीला तू तलाठ्यावानी इचारत व्हतीस, माय.”

हात कामात गुंतले की तोंड मोकळं होतं, आणि जात्याइतकं हे कुठेच दिसत नाही. पहाटेचा अंधार, घर झोपलेलं, एका खुंट्याला दोघींचे हात. दगडाची घरघर अशी की आवाज भिंतीपलीकडे जाऊ नये. सासूचा जाच, माहेरची वाट, भावाचं न येणं, जे कुणाजवळ बोलता येत नाही ते बाई ओवीतून जात्याला सांगते. ऐकणारं तिसरं कुणी नसतं, म्हणून ती साक्ष मला सगळ्यांत खरी वाटते.

हे ओळखलं हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी. गी मूळचे फ्रान्सचे, पुढे भारताचे नागरिक झाले. पुणे जिल्ह्यातल्या मुळशी-मावळच्या डोंगरात ‘गरीब डोंगरी संघटने’चं काम करताना बायकांचं मन कळावं म्हणून दोघांनी ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली. संग्रह वाढत गेला तो एक लाखावर ओव्या, अकराशेवर गावं आणि तीन हजारांवर बायकांपर्यंत. बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या कितीतरी ध्वनिमुद्रित केल्या. मला सगळ्यांत मोलाची वाटते ती त्यांची रीत. ओवीचा अर्थ गाणाऱ्या बायकांनी एकत्र बसून स्वतः उलगडायचा. गी २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली. आता ‘पारी’ या संकेतस्थळामुळे हा ठेवा कुणालाही ऐकता येतो.

आमच्या घरचं जातं आता लग्नात घाणा भरण्यापुरतं बाहेर निघतं. विजेच्या गिरणीने बायकांचे खांदे वाचवले, ते बरंच झालं. पण त्या पहाटेच्या एकांताच्या बदल्यात त्यांना दुसरा एकांत मिळाला नाही.

गेल्या हिवाळ्यात मी आजींना फोनवर परभणीकडच्या ताडकळसच्या एका बाईने गायलेला सीतेचा वनवास ऐकवला. त्यांचे हात थांबले. “आमची सीतामाय एवढी रडत न्हाई,” त्या म्हणाल्या. मग तुमची म्हणून दाखवा ना, असा मी हट्ट धरला.

“अशी बसल्या बसल्या कशी येईल?”

सुनेने पडवीतलं जातं ओढून आणलं. खुंटा कधीच हरवला होता. नातवाने बाभळीची काठी तासून भोकात ठोकली. आजींनी मूठभर ज्वारी टाकली आणि समोरची जागा मला दाखवली.