डोंगरीचं कापड, सलमाबादची डांगरी

बहरीनमधलं सलमाबाद म्हटलं की गॅरेजं, वर्कशॉपं, गोदामं आणि कामगारांच्या वस्त्या डोळ्यांपुढे येतात. स्वतःची वेशभूषा कशी घडते, याचा माग काढायला इथून सुरुवात करणं विचित्र वाटेल. पण इथल्या कामगाराच्या अंगावर जे असतं त्याचा इतिहास कुठल्याही फॅशन मासिकापेक्षा जुना आहे. गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध शिवलेला, पुढे चेन, पाठीवर कंपनीचं नाव आणि मांडीवर खिसा असलेला हा पोशाख म्हणजे आपल्या कारखान्यांतली डांगरी. हा शब्द मूळचा मुंबईच्या डोंगरीचा. तिथे विकलं जाणारं जाडंभरडं सुती कापड सतराव्या शतकापासून इंग्रजांच्या कागदपत्रांत दिसतं. त्याची शिडं झाली, खलाशांच्या तुमानी झाल्या. इंग्रजीने त्याचं ‘डंगरी’ केलं आणि आपण ते डांगरी म्हणून परत घेतलं. दुसऱ्या महायुद्धात पाश्चात्त्य कारखान्यांतल्या बायकांनी असाच पोशाख घातला, पुढे तरुणांनी तो हौसेने उचलला. आज मॉलमध्ये तो चांगल्या किमतीला विकला जातो. वंगणाचे डाग झेलणारं टिकाऊ कापड हवं होतं, एवढीच त्यामागची प्रेरणा.

माझं म्हणणं असं की शैली आधी काम, हवा आणि हाताशी असलेलं कापड यांतून घडते. चित्र नंतर येतं. बहरीनचंच पाहा. 1932 मध्ये तेल सापडण्याआधी हे बेट मोत्यांवर जगत होतं. मोती मुंबईच्या बाजारात जायचे आणि परतीच्या गलबतांत तांदूळ, लाकूड नि कापड यायचं. 1965 मध्ये दिनार येईपर्यंत तिथे व्यवहारही रुपयातच चालायचा. तिथल्या बायकांचा सणासुदीचा ‘थोब अल्-नशल’, म्हणजे जरीकाम केलेला झिरझिरीत, ऐसपैस झगा, या येण्याजाण्यातच वाढला. कापड नि जर बाहेरून आली, पण ‘कुरार’ ही जरीची गोफासारखी किनार तिथलीच. काही जणी बोटांत सोनेरी दोऱ्यांचे फास अडकवून बसतात, ते ठरल्या क्रमाने अदलाबदल करतात आणि एक जण प्रत्येक वेढ्याला टाका घालत किनार कापडावर बसवते. एकटीने हे काम होत नाही.

आपल्याकडचा दाखला डॉक्टर होण्यासाठी अमेरिकेला गेलेल्या आनंदीबाई जोशींचा. पोटऱ्या उघड्या ठेवणारी नऊवारी अमेरिकेच्या थंडीत निभेना, म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. 10 ऑक्टोबर 1885 चं फिलाडेल्फियातलं छायाचित्र प्रसिद्ध आहे: साडीतल्या आनंदीबाई आणि त्यांच्या महाविद्यालयातल्या दोघी, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि आपल्या पारंपरिक वेशातल्या दमास्कसच्या सबात इस्लामबूली. आनंदीबाईंनी साडी सोडली नाही, पण पुण्या-कल्याणची नेसणही जशीच्या तशी ठेवली नाही. ही तडजोड होती हे खरं. ती त्यांना शोभून दिसते हेही तितकंच खरं.

यावर कुणी म्हणेल, आता मोबाइलवर जगभरचे पोशाख दिसतात, मग अडचणीची वाट कशाला पाहायची? चित्रं पाहू नयेत असं नाही. पण निव्वळ चित्रावरून घेतलेली प्रेरणा लवकरच गणवेश होते. डोंबिवलीत 1999 मध्ये गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू झाली. पुढे गावोगावच्या यात्रांत शिवलेली नऊवारी, फेटा, नथ, गॉगल आणि बुलेट हा साज इतका ठरून गेला की एका शहराचा फोटो दुसऱ्याच्या नावावर खपावा. आखातातल्या मराठी कार्यक्रमांतही तोच दिसतो. परदेशात ओळख पटकन पटावी म्हणून तो सोयीचा आहे, हे मान्य. पण त्याला स्वतःची शैली म्हणवत नाही. उलट कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण घ्या. त्रिकोणी घडीत ओटीत पडणारा तो अरुंद पन्ह्याचा तुकडा चोळीपुरताच असायचा. पन्हा अपुरा म्हणून कुणी तो सुती साडीच्या काठाला जोडला, कुणी त्याचं जाकीट केलं, कुणी कुर्त्याला नुसती योक दिली. कापड कमी पडलं, म्हणून डोकं चाललं. (हल्ली खणाच्या अख्ख्या साड्या निघाल्यात आणि त्या सगळ्या सारख्याच दिसतात.)

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. डांगरी घालणाऱ्याला निवड कुठे असते? उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम करायला बंदी घालणारा नियम बहरीनला करावा लागला, यावरूनच तिथल्या हवेत जाड कापड अंगावर वागवणं काय असेल ते कळतं. त्या सक्तीला शैली म्हणणं ही थट्टा ठरेल. मॉलमधली डांगरी आणि सलमाबादची डांगरी यांत हाच फरक आहे: एक मनात आलं की उतरवता येते, दुसरी पाळी संपल्यावरच.