गल्ला चुकला की डोके चुकले?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. पिशोरच्या माझ्या कापड दुकानात संध्याकाळी गल्ला मोजला तर चार हजार रुपये कमी भरले. दुकानात कामाला असलेल्या मुलावर माझा संशय गेला. तोंडाने काही बोललो नाही. पण गल्ल्याची किल्ली काढून घेतली आणि दोन दिवस त्याच्याशी धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मालेगावच्या ठोक व्यापाऱ्याचा माणूस आला आणि मागच्या पावतीचा विषय निघाला. साड्यांच्या बाकीपोटी चार हजार मीच दिले होते. पावतीवर सही माझी. सही पाहिल्यावर कुठे अंधुक आठवले.

त्या दिवसांत असेच चालले होते. अडीच मीटर मागितले तर सव्वादोन कापायचो. वीस वर्षांच्या गिऱ्हाइकाचे नाव जिभेवर येत नसे. एकच बेरीज तीनदा करायचो आणि तीन उत्तरे निघायची. मी म्हटले, उमर झाली. आणि गप्प बसलो, कारण सेठचे डोके चालत नाही ही बातमी बाजारात फुटली तर माल उधारीवर कोण देणार?

याला आता ब्रेन फॉग म्हणतात, म्हणजे मेंदूवरचे धुके. (माझे शिक्षण उर्दूत, मराठी मला गिऱ्हाइकांनी शिकवली, आणि हा इंग्रजी शब्द डॉक्टरांनी.) कन्नडचा घाट पावसाळ्यात उतरलेल्यांना हे सांगायला नको: रस्ता जागेवरच असतो, दिसत मात्र नाही. हा स्वतंत्र आजार नव्हे, कशाचे तरी लक्षण आहे. कोरोनानंतर पुष्कळांना हा त्रास झाला. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये कोरोनानंतर रेंगाळणाऱ्या दुखण्याची व्याख्या केली, तिच्यात थकवा आणि धाप यांच्या जोडीला विचारशक्ती मंदावणेही धरले आहे. पण प्रत्येकाचे धुके कोरोनाचे नसते.

माझे नव्हते. डॉक्टरांनी पहिला सवाल केला, गोळ्या कोणत्या चालू आहेत? साखरेसाठी नऊ वर्षांपासून मेटफॉर्मिन, आणि छातीत जळजळ म्हणून रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी. या दोन्ही गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्या तर अन्नातले बी-१२ जीवनसत्त्व अंगी लागणे कमी होऊ शकते, आणि नसा व मेंदूला त्याची गरज असते. रक्त तपासले, बी-१२ फार खाली निघाले. मी म्हणालो, डॉक्टरसाहेब, आम्ही गोश्त खाणारे लोक! ते हसले. आठवड्यातून किती वेळा? खरे सांगायचे तर जुम्म्याला, आणि तेही घरात आठ खाणारे.

ही कमतरता आपल्याकडे किती आहे ते पुण्याच्या अभ्यासावरून कळते. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे शहर व आसपासच्या खेड्यांतल्या ४४१ पुरुषांचे रक्त तपासले. २००६ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात शेकडा ६७ जणांत बी-१२ कमी आढळले.

दुसरी कारणेही आहेत. थायरॉइड मंदावणे, रक्त कमी असणे (२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्तक्षय निघाला, घरी शिलाई करणाऱ्या आपल्या बहिणी यात आल्याच), घोरताना मध्येच श्वास अडकणे, सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या, कर्जाची चिंता. साखरेची गोळी घेऊन बाजाराच्या गर्दीत जेवण चुकवणाऱ्याचे डोके तासाभरातही बधिर होऊ शकते. साखर उतरलेली असते. काही गोळ्यांनी हे लवकर होते, म्हणून रमजानआधी औषधाच्या वेळा डॉक्टरांकडून बदलून घ्याव्यात. रक्ताच्या तपासण्यांसाठी संभाजीनगरची घाटी आहेच. जाताना चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्या आणि मनाने एकही गोळी बंद करू नका.

एक मात्र वेगळे ओळखा. बोलणे एकदम अडखळले, तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला तर ते धुके नव्हे, लकवा आहे. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. मालिशवाल्याकडे न जाता गाडी काढून सरळ मोठ्या दवाखान्यात न्या.

मला इंजेक्शने सुरू झाली. फरक पडायला दोन महिने गेले, आणि नावे अजूनही कधीकधी अडकतात. दरम्यान दुकानाची रीत बदलली. रात्री अकराला हिशेब करणे बंद. आता फजरनंतर, चहा होण्याआधी. पावती हातात आली की लगेच तारेला. माप मोठ्याने बोलून खडूची खूण, मगच कात्री. उधारी गिऱ्हाईक समोर उभे असतानाच वहीत लिहायची आणि त्याला वाचून दाखवायची. पैसे मोजताना कोणी भाव विचारला तर थांब म्हणायचे. गिऱ्हाईक जात नाही, मी पाहिले आहे.

त्या मुलाची माफी मी दुकानात, दोन गिऱ्हाइकांसमोर मागितली आणि किल्ली त्याच्या हातात दिली. तो काही बोलला नाही, ताके रचत राहिला. आता संध्याकाळी आकडे तो वाचतो आणि मी लिहितो.