गोळीची मात्रा घटली, कामाची पाळी नाही

भिवंडीतला यंत्रमाग कामगार बारा तास उभा असतो. मजुरी मीटरवर, त्यामुळे डॉक्टरकडे जायचे म्हणजे खाडा. कंबर धरली, की तो मेडिकलवाल्याकडून दोन वेदनाशामक गोळ्या घेतो. दुकानदार स्ट्रिप कात्रीने कापतो. औषधाचे नाव, मुदत, चिठ्ठीशिवाय देऊ नये हे सांगणारी तांबडी रेघ बहुधा उरलेल्या तुकड्यावर राहते.

गेल्या तीस वर्षांत सरकारने या गोळ्यांवर नियम बरेच केले. नव्वदच्या दशकात निमेसुलाइड घरोघरी पोहोचले. यकृताला धोका दिसल्यावर 2011 मध्ये बारा वर्षांखालील मुलांसाठी त्यावर बंदी आली. हृदयविकाराचा धोका वाढतो म्हणून रोफेकॉक्सिब 2004 मध्ये जगभरातून मागे घेतले गेले. डायक्लोफिनॅक दिलेली मेलेली जनावरे खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात हे कळल्यावर 2006 मध्ये जनावरांसाठी ते बंद झाले. माणसांसाठी ते आजही चिठ्ठीवरचेच औषध आहे, पण चिठ्ठी विचारतो कोण? 2012 च्या सुमारास राज्याचे अन्न व औषध आयुक्त महेश झगडे यांनी चिठ्ठी आणि फार्मासिस्ट यांचा आग्रह धरला, तेव्हा औषध दुकानदारांनी बंद पुकारला होता.

ही औषधे वाईट नाहीत. सुजेच्या दुखण्यात दोन-चार दिवस ती चांगला आराम देतात. पण औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी 1971 मध्ये दाखवल्याप्रमाणे ती सूज आणि दुखणे वाढवणारे प्रोस्टाग्लँडिन तयार होणे रोखतात. तोच पदार्थ जठराचे अस्तर जपतो आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवतो. उपाशीपोटी रोज गोळी घेतली तर अल्सर होऊन रक्तस्राव होऊ शकतो. उकाड्यात घामाने पाणी कमी झालेल्या माणसाची मूत्रपिंडे धोक्यात येतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर अधिकच. डेंग्यूची शंका असेल तर यांतली एकही नको. तापाला पॅरासिटामॉल, तेही मापात.

डिसेंबर 2025 मध्ये केंद्राने 100 मिलिग्रॅमपेक्षा जास्त मात्रेच्या निमेसुलाइड गोळ्यांवर बंदी घातली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजच्या कामाची मर्यादा 9 वरून 12 तासांवर नेण्याला मंजुरी दिली होती. भिवंडीच्या मागांवर बारा तास आधीपासूनच चालू होते. गोळीची मात्रा घटली, ती ज्यासाठी घ्यावी लागते ते उभे राहणे मात्र कायद्यात बसवायला मंजुरी मिळाली.