एवढा मोठा मासा, आणि त्याला नावच नव्हतं!

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे सुचलाय.

गेल्या आठवड्यात एका श्रोत्याने पाठवलं होतं, "ताई, आमच्या कॉलेजच्या ग्रुपने वर्गणी काढलीय. गावाजवळच्या नदीत महाशीर माशाची पिल्लं सोडायची म्हणतोय. रील पण करणार आहोत. चांगलं काम आहे ना?"

मी लगेच टाइप केलं, "वा, मस्तच!" पण पाठवायचं बटण दाबता दाबता थांबले. कारण मला कावेरी आठवली. अगदी अशाच चांगल्या हेतूने तिथे मासे सोडले गेले होते. पुढे काय झालं, ते आज सांगते. आणि या मुलांना काय उत्तर दिलं, ते शेवटी.

आधी ओळख करून घेऊ

महाशीर म्हणजे आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातलाच मासा. कार्प म्हणतात ते कुळ. पण अंगापिंडाने पैलवान. जाड ओठ, जाड मिशा, आणि अंगावर मोठाले खवले. मोठ्या माशाचा एकेक खवला तळहाताएवढा भरतो.

गंमत म्हणजे याच्या जबड्यात दातच नसतात. दात असतात ते घशात. शिंपले, खेकडे, गोगलगायी तोंडात घ्यायच्या आणि आत घशात चिरडायच्या. काठावरच्या झाडांची पाण्यात पडलेली फळं खातो, शेवाळ खातो, छोटे मासेही खातो. थोडक्यात, खाण्यात नखरे नाहीत.

नखरे आहेत ते अंडी घालताना. त्याला वाहतं, थंड, भरपूर ऑक्सिजन असलेलं पाणी लागतं. पावसाळ्यात नदीला पाणी आलं की तो प्रवाहाच्या उलट वर चढत जातो आणि स्वच्छ दगडगोट्यांच्या जागी अंडी घालतो. ती अंडी गोट्यांच्या फटीत विसावतात. इतर कार्प माशांच्या मानाने याची अंडी आकाराने मोठी, पण संख्येने कमी. वाढही सावकाश. म्हणजे मोठे मासे मारले गेले, तर ती जागा भरून यायला वर्षानुवर्षं लागतात.

हे सगळं लक्षात ठेवा. कारण यातली एकेक गरज आपण कशी मोडली, तीच पुढची गोष्ट आहे.

कावेरीचा कुबडवाला राजा

महाशीर एकच नाही. त्याच्या बऱ्याच जाती आहेत. हिमालयातल्या नद्यांत सोनेरी महाशीर. आपल्या दख्खनच्या नद्यांत दख्खनी महाशीर, ज्याचे पर निळसर असतात. आणि कावेरीच्या खोऱ्यात, फक्त कावेरीच्याच खोऱ्यात, पाठीला उंचवटा आणि नारिंगी पर असलेला कुबडवाला महाशीर.

हा सगळ्यांत मोठा. १९४६ साली कावेरीची उपनदी कबिनी, तिथे म्हैसूरच्या व्हॅन इंगन यांनी गळाने एक महाशीर पकडला. वजन १२० पौंड, म्हणजे साधारण ५४ किलो. घरात येतो तो भरलेला गॅस सिलिंडर डोळ्यांसमोर आणा. जवळजवळ तसे दोन! हा विक्रम आजही सांगितला जातो. इंग्रजांच्या काळापासून जगभरचे हौशी लोक या माशासाठी कावेरीवर गळ टाकायला येत.

आता धक्का ऐका. एवढा प्रसिद्ध मासा, फोटो काढलेला, पुस्तकांत आलेला, पण विज्ञानाच्या वहीत त्याचं स्वतःचं असं धड नाव २०१८ पर्यंत नव्हतं.

नावाचा घोळ, आणि त्यात आपलं पुणे

या घोळाचा एक धागा थेट पुण्याशी येतो. कर्नल साईक्स नावाचे इंग्रज अधिकारी दख्खनमध्ये पाहणी करत फिरत होते. त्यांनी १८३९ साली इथल्या माशांची वर्णनं छापली. त्यातला एक मासा पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला. तोच आपला दख्खनी महाशीर, शास्त्रीय नाव टॉर खुद्री. हो, ज्या मुळा-मुठेच्या पुलावरून जाताना आज आपण नाकाला रुमाल लावतो, तीच.

साईक्स यांनी इथलाच आणखी एक मासा 'मुसुल्ला' या नावाने नोंदवला होता. पुढे कित्येक वर्षं कावेरीच्या कुबडवाल्याला लोक तेच मुसुल्ला नाव लावत राहिले. मासा कावेरीचा, नाव दख्खनच्या भलत्याच माशाचं!

आणि इकडे २०१०च्या सुमारास केरळमधल्या पांबार या कावेरी खोऱ्यातल्या छोट्या नदीतून शास्त्रज्ञांनी टॉर रेमादेवी नावाची जात नोंदवली. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतल्या मत्स्यतज्ज्ञ के. रेमादेवी यांच्या सन्मानार्थ हे नाव. पण ते नमुने लहान माशांचे होते. हेच पिल्लू मोठं होऊन कावेरीचा राजा होतं, हे तेव्हा कुणी जोडलं नव्हतं.

ते जोडलं २०१८ मध्ये. एड्रियन पिंडर, राजीव राघवन, आपल्या पुण्यातले नीलेश डहाणूकर आणि त्यांचे सहकारी यांनी शरीररचना आणि डीएनए, दोन्ही तपासून दाखवलं की कुबडवाला महाशीर म्हणजेच टॉर रेमादेवी. त्याच वर्षी आययूसीएनच्या लाल यादीत त्याची नोंद झाली. कोणत्या रकान्यात? 'अतिसंकटग्रस्त'. म्हणजे नामशेष होण्याच्या आधीची शेवटची पायरी. बारसं झालं आणि त्याच दिवशी आयसीयूत भरती, असा प्रकार.

तुम्ही म्हणाल, नावात काय आहे? मंडळी, सगळं आहे. नाव नाही तर यादीत नोंद नाही. नोंद नाही तर तो कमी होतोय, हे कागदावर दिसतच नाही. 'नदीत महाशीर आहे ना? आहे. मग झालं.' पण कोणता महाशीर, हे कुणी विचारायचं?

लोणावळ्याची बोटुकली

आता मूळ मुद्दा. १९७०च्या दशकात लोणावळ्याला, टाटांच्या वळवण तलावापाशी महाशीरचं प्रजनन केंद्र सुरू झालं. धरणांमुळे महाशीर घटतोय, हे तिथल्या लोकांनी फार लवकर ओळखलं होतं. त्यांनी दख्खनी महाशीरची कृत्रिम पैदास जमवली, आणि ते सोपं काम नव्हतं. तिथली मत्स्यबोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, वेगवेगळ्या राज्यांत पोहोचली. त्यातली काही कावेरीतही सोडली गेली.

हेतू शंभर टक्के चांगला. महाशीर कमी झालेत, म्हणून महाशीर सोडले. पण कावेरीत कमी होत होता तो नारिंगी पराचा, आणि सोडला गेला तो निळ्या पराचा.

पुढे काय झालं, हे कळलं एका अनपेक्षित ठिकाणाहून. कर्नाटकात कावेरीकाठी गळाने मासे पकडून परत सोडून देणाऱ्यांचे कॅम्प होते. पकडलेल्या माशाचं वजन नि प्रकार तिथल्या वहीत लिहायची पद्धत होती. १९९८ ते २०१२ या काळातल्या सहा हजारांहून जास्त माशांच्या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या. निळ्या पराचे मासे वाढत गेले. कुबडवाले कमी कमी होत गेले. आणि जे कुबडवाले सापडत, ते मोठमोठे, वयस्कर. लहान पिल्लं सापडेनात.

गावात फक्त आजी-आजोबाच उरले आणि शाळेत एकही पोर नाही, तर त्या गावाचं पुढे काय होणार? तेच नदीत चाललं होतं. आणि लांबून पाहणाऱ्याला वाटत होतं, वा, महाशीर वाढलेत!

सगळा दोष निळ्या पराच्या माशावर टाकू नका. कावेरीवर कृष्णराजसागर आहे, मेट्टूर आहे, इतरही धरणं आहेत. वर चढायची वाट बंद. वाळू आणि गोट्यांचा उपसा झाला, म्हणजे अंडी घालायची जागा गेली. कुणी जिलेटिनचे स्फोट करून मासे मारतं, त्यात लहानमोठं सगळंच मरतं. आधीच गांजलेल्या घरात आपण आणखी एक धडधाकट भाडेकरू आणून बसवला, असं म्हणा.

आज कुबडवाल्याचा सर्वांत भरवशाचा आसरा म्हणजे तमिळनाडूतली मोयार नदी, निलगिरीच्या पायथ्याच्या जंगलातली. आणि आपला निळ्या पराचा? लाल यादीत तो आधी संकटग्रस्त होता, २०१८ पासून 'चिंता नसलेल्या' रकान्यात आहे.

ही गोष्ट एकट्या कावेरीची नाही. गोड्या पाण्यातल्या ३० किलोहून मोठ्या होणाऱ्या प्राण्यांवर २०१९ साली एक जागतिक अभ्यास आला. १९७० ते २०१२ या काळात त्यांची संख्या सरासरी ८८ टक्क्यांनी घटली. नुसत्या मोठ्या माशांचा हिशेब केला तर ९४ टक्क्यांनी. चीनमधल्या यांगत्सेचा पॅडलफिश तर २०२२ मध्ये अधिकृतपणे नामशेष ठरला. मोठा मासा सावकाश वाढतो, लांब प्रवास करतो, आणि त्याच्या वाटेत पहिला येतो बांध.

तर मुलांना काय सांगितलं?

तो 'वा, मस्तच' मी खोडला आणि उलट एक व्हॉइस नोट पाठवली. त्यातलं थोडक्यात सांगते.

एक, मासे सोडण्याआधी नदीत कोण राहतंय ते बघा. गावातल्या भोई मंडळींकडे जाऊन बसा. कोणता मासा आजोबांच्या काळी होता, कोणता नंतर आला, हे त्यांना तोंडपाठ असतं. चिलापी कधी शिरली, तेही सांगतील.

दोन, ऑनलाइन मागवलेलं बीज नदीत ओतायचं नाही. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जा, जात आणि खोरं विचारा, परवानगीचं बोला. घरच्या टाकीतला कंटाळा आलेला सकर मासा सोडणं तर नाहीच नाही.

तीन, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं. मासे सोडण्यापेक्षा डोह राखा. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे. तिथे देवीचे मासे म्हणून महाशीरला कुणी हात लावत नाही. पिढ्यानपिढ्या. ना हॅचरी, ना बजेट. तुमच्या गावच्या एका डोहात पावसाळ्यात जाळं नाही, स्फोट नाही, विष नाही, वाळूउपसा नाही, एवढं जरी ग्रामसभेत ठरवून घेतलंत, तरी असलेले मासे आपली पिल्लं आपणच वाढवतील.

दोन दिवसांनी उत्तर आलं. "ताई, भोईआळीत गेलो होतो. एक काका म्हणाले, महाशीर अजून आहे, पण एकाच डोहात. वर्गणीचं काय करायचं ते आता परत ठरवतोय." आणि मग, "पण रील कशाची करायची?"

मी म्हटलं, त्या काकांची करा.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावच्या नदीत पूर्वी कोणता मोठा मासा होता, घरातल्या मोठ्यांना विचारा आणि त्यांच्याच आवाजात मला पाठवा. तुमच्याकडे त्याला काय म्हणतात, ते नाव मात्र आठवणीने सांगा. भेटू पुढच्या भागात!