राऊटर घेताना आधी घराची भिंत पाहा

महाडीबीटीचा अर्ज, सातबारा, पोरांचा अभ्यास, सगळे आता इंटरनेटवर आले आहे. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर तार नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली, तीच पुढे भारतनेट झाली. आता घरोघरीही जोडण्या येऊ लागल्या आहेत. त्यामुळे गावात गेलो की खत-बियाण्यांच्या गप्पांत हाही प्रश्न निघतो, "साहेब, राऊटर कोणता घ्यावा?"

मागच्या हंगामात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात एका घरी गेलो होतो. जुने माळवद, भिंती दोन हात जाड. ठिबकच्या अर्जाची कागदपत्रे चढवायची होती आणि मुलगी फोन घेऊन अंगणात फिरत होती. घरधनी म्हणाले, "चार कांड्यांचा महागाचा डबा आणला, तरी माजघरात रेंज येईना. आता दुसरा आणतो." पाहतो तर राऊटर ओसरीवरच्या लोखंडी कपाटात, वर कुलूप! लांब तार जोडून तो मधल्या खोलीत उंच फळीवर ठेवला. कागद चढले आणि दुसऱ्या राऊटरचा खर्चही वाचला.

म्हणून पहिली गोष्ट भिंत. राऊटरच्या लहरी दोन पट्ट्यांत असतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर वेगाने कमी, पण भिंतीतून जास्त आत जाते. ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण दगडी भिंतीपुढे लवकर दम टाकते. खोक्यावर 'ड्युअल बँड' लिहिलेले असेल तर दोन्ही मिळतात. लोखंडी पत्रा, कपाट, पाण्याची टाकी यांच्या आड राऊटर ठेवू नका.

दुसरी गोष्ट वेग. तुमची जोडणी ३० एमबीपीएसची असेल, तर १,२०० लिहिलेला राऊटर आणून इंटरनेट वाढत नाही. पाइप दोन इंची असताना नळ चार इंची लावून पाणी वाढते का? तसेच हे.

तिसरी गोष्ट लाईट. लाईट गेली की राऊटर बंद. त्यासाठी छोटा बॅटरीचा यूपीएस मिळतो. घेताना राऊटरच्या अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही बॅकअप हवा, नाहीतर नुसता राऊटर चालू राहून उपयोग नाही. विजा कडाडू लागल्या की पिना काढून ठेवाव्यात.

चौथी गोष्ट अंतर. घरातला राऊटर विहिरीपर्यंत पोचेल अशी आशा धरू नका. गोठा किंवा भावाचे घर १०० मीटरच्या आत असेल, तर लॅन केबल ओढून तिथे दुसरा साधा राऊटर बसवता येतो. वस्तीवर फायबर नसेल, तर सिमकार्डचा ४जी राऊटर पाहा. पण आधी त्याच कंपनीचे सिम मोबाईलमध्ये घालून रेंज तपासा.

शेवटचे म्हणजे, राऊटरसोबत आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला आणि सुरक्षेत डब्ल्यूपीए-२ किंवा ३ निवडा. तुमच्या जोडणीवरून कोणी वाईट काम केले, तर चौकशी तुमच्याच दारात येते. ग्रामपंचायत कार्यालयातही हेच पाळावे.

बियाणे घेताना आपण आधी जमीन पाहतो. राऊटर घेतानाही दुकानात जाण्याआधी आपले घर पाहा.