खातेबदल म्हणजे व्याजबदल नव्हे

रिझर्व्ह बँकेच्या डेप्युटी गव्हर्नरांमध्ये खात्यांची फेरवाटणी झाली, की कर्जाचा हप्ता बदलणार का, अशी चर्चा रंगते.

ही वाटणी अंतर्गत कामकाजाचा भाग असते. १९३४ च्या कायद्यानुसार केंद्र सरकार जास्तीत जास्त चार डेप्युटी गव्हर्नर नेमते आणि पर्यवेक्षण, चलन व्यवस्थापन अशी खाती त्यांच्यात विभागली जातात. शाळेत जूनमध्ये शिक्षकांचे वर्ग बदलतात, अभ्यासक्रम मात्र तोच राहतो, तसेच हे.

कर्जाच्या हप्त्यावर परिणाम करणारा रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर) २०१६ पासून सहा सदस्यांची पतधोरण समिती बहुमताने ठरवते. पतधोरण खाते सांभाळणारे डेप्युटी गव्हर्नर तिचे सदस्य असतात, पण त्यांचे मत एकच. मते समसमान पडली, तर गव्हर्नरांचे मत निर्णायक ठरते.

हप्त्याचा अंदाज घ्यायचा असेल, तर समितीच्या बैठकीकडे लक्ष ठेवावे.