धुरकट दिल्लीचे खरे चित्र कोणते? चित्रसंपादन आणि दृष्टीचे शास्त्र

हिवाळ्याच्या तोंडावर दिल्ली आणि परिसरावर धुरके पसरते, तेव्हा कर्तव्यपथावरून टिपलेल्या छायाचित्रात इंडिया गेटची कमान जेमतेम ओळखू येते. चित्रसंपादन शिकणारा विद्यार्थी हे छायाचित्र संगणकावर उघडतो आणि एक-दोन आज्ञा देतो. क्षणार्धात कमान ठळक होते, झाडे हिरवी दिसू लागतात, आकाशाला निळसर छटा येते. छायाचित्र एकच, दृश्ये मात्र दोन. यांपैकी खरे कोणते, हा प्रश्न केवळ तंत्राचा नाही. मानवी डोळा आणि मेंदू कसे पाहतात, हे समजून घेतल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही.

दिल्लीत दृश्यकला आणि जनसंचार शिकवणाऱ्या संस्थांची परंपरा मोठी आहे. कला महाविद्यालयाची स्थापना १९४२ साली झाली. भारतीय जनसंचार संस्था १९६५ मध्ये, जामिया मिलिया इस्लामिया विद्यापीठातील जनसंचार संशोधन केंद्र १९८२ मध्ये, तर राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था १९८६ मध्ये सुरू झाली. नोएडा आणि गुरुग्राम येथेही असे अभ्यासक्रम चालवणाऱ्या अनेक खाजगी संस्था आहेत. महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांच्या तयारीत छायाप्रकाश आणि रंगसंगती हाताने गिरवली जाते. संगणकावर तेच धडे आकड्यांच्या रूपात समोर येतात.

चित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता

संगणकाच्या दृष्टीने छायाचित्र म्हणजे आकड्यांचा एक मोठा तक्ता होय. अमेरिकेतील रसेल किर्श यांनी १९५७ साली आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र संगणकात उतरवले, तेव्हा त्यात आडवे १७६ आणि उभे १७६ बिंदू होते. या बिंदूंना पिक्सेल म्हणतात. आजच्या नेहमीच्या चित्रात प्रत्येक पिक्सेलसाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ या मर्यादेत असतो. यातून १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ रंगछटा तयार होतात.

रंग तीनच का, याचे कारण भौतिकशास्त्रापेक्षा शरीरशास्त्रात सापडते. मानवी दृष्टिपटलावर मंद प्रकाशात काम करणाऱ्या सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि रंग ओळखणाऱ्या सुमारे ६० लाख शंकुपेशी असतात. शंकुपेशींचे प्रकार तीन आहेत. प्रकाशात असंख्य तरंगलांबी असल्या, तरी मेंदूपर्यंत रंगाची वार्ता या तीन प्रकारच्या पेशींच्या तुलनेतूनच पोहोचते. म्हणूनच तीन प्रकाशांच्या मिश्रणातून डोळ्याचे समाधान होते.

तिन्ही रंगांना सारखे महत्त्व मात्र नाही. रंगीत चित्राचे कृष्णधवल रूप करताना रूढ सूत्रानुसार हिरव्याचा सुमारे ५९ टक्के, लालचा ३० टक्के आणि निळ्याचा केवळ ११ टक्के भाग धरला जातो. डोळ्याला हिरवा प्रकाश अधिक तेजस्वी भासतो, म्हणून हे प्रमाण ठरले. कॅमेऱ्यातही हाच न्याय आहे. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांनी १९७६ मध्ये पेटंट घेतलेल्या गाळणीच्या रचनेत दर चार बिंदूंपैकी दोन हिरव्यासाठी, एक लालसाठी आणि एक निळ्यासाठी राखून ठेवलेला असतो.

१९९२ साली मान्य झालेल्या जेपेग या प्रमाणपद्धतीने तर डोळ्याच्या मर्यादेचा थेट लाभ घेतला. उजेड-अंधारातील बारीक फरक आपल्याला चटकन जाणवतात, रंगातील तितके जाणवत नाहीत. त्यामुळे या पद्धतीत बहुधा प्रत्येक बिंदूची तेजस्विता स्वतंत्र ठेवली जाते आणि रंगाची माहिती मात्र चार बिंदूंना मिळून एकदाच नोंदवली जाते. एवढ्यानेच माहिती निम्मी होते, तरी पाहणाऱ्याला फारसे उणे वाटत नाही.

डोळा मोजत नाही, तुलना करतो

साडी घेताना दुकानातील दिव्यांखाली रंग पसंत पडला, तरी ती बाहेर उजेडात नेऊन पाहण्याची चाल घरोघरी आहे. त्यामागे पक्के शास्त्र आहे. वस्तूवरून डोळ्यात येणारा प्रकाश हा वस्तूचा रंग आणि दिव्याचा प्रकाश या दोहोंवर अवलंबून असतो. मेंदू दिव्याचा भाग शक्य तितका वजा करतो. म्हणून पांढरा सदरा संध्याकाळच्या तांबूस उन्हातही पांढराच वाटतो. कॅमेऱ्यातील श्वेत संतुलनाची सोय म्हणजे याच क्रियेची यांत्रिक नक्कल होय.

शेजारच्या रंगाचाही परिणाम होतो. फ्रान्समधील गोबलँ येथील विणकामशाळेत रंगविभाग सांभाळणारे रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांच्याकडे काळा रंग फिका पडत असल्याच्या तक्रारी येत. दोष रंगाचा नसून शेजारच्या धाग्याचा आहे, हे त्यांनी ओळखले आणि १८३९ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. अमेरिकेतील एडवर्ड अॅडेल्सन यांनी १९९५ मध्ये तयार केलेल्या बुद्धिबळाच्या पटाच्या चित्रात सावलीतील पांढरा चौकोन आणि उजेडातील काळा चौकोन एकाच करड्या छटेचे आहेत. पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही. संपादनाच्या प्रणालीतील रंग मोजण्याचे साधन दोन्ही चौकोनांवर ठेवले, की आकडे तेच येतात. आकडे पाहिल्यानंतरही डोळ्यांना फरक दिसतच राहतो, हा या प्रयोगाचा खरा धडा आहे. ‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते.

भारतीय विज्ञानातही या विषयाची परंपरा आहे. नोबेल पारितोषिक विजेते डॉ. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आयुष्याच्या उत्तरकाळात दृष्टी आणि रंगबोध यांवर संशोधन केले. त्यांचा ‘द फिजिऑलॉजी ऑफ व्हिजन’ हा ग्रंथ १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला.

दिल्लीतील एक विलक्षण शोध

पाहणे जन्मजात असते की शिकावे लागते, या प्रश्नावर दिल्लीतूनच महत्त्वाचा प्रकाश पडला आहे. दिल्लीच्या आयआयटीत शिकलेले आणि अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक असलेले पवन सिन्हा यांनी ‘प्रोजेक्ट प्रकाश’ हा उपक्रम सुरू केला. दर्यागंजमधील डॉ. श्रॉफ धर्मादाय नेत्र रुग्णालयाच्या सहकार्याने, जन्मतः मोतीबिंदू असलेल्या आणि वेळेवर उपचार न मिळालेल्या मुलांवर या उपक्रमात शस्त्रक्रिया केल्या जातात. दृष्टी मिळाल्यानंतर ही मुले पाहायला कशी शिकतात, याचाही अभ्यास होतो.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८ ते १७ वर्षे वयाची पाच मुले होती. शस्त्रक्रियेनंतर लगेच, हाताने चाचपलेली वस्तू डोळ्यांनी ओळखण्यास सांगितले असता त्यांची उत्तरे जवळजवळ अंदाजाइतकीच बरोबर आली. स्पर्शाचे ज्ञान आपोआप दृष्टीत उतरत नाही, हे त्यातून दिसले. आयर्लंडमधील विल्यम मॉलिन्यू यांनी १६८८ साली तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना हाच प्रश्न विचारला होता.

२००९ सालच्या अभ्यासातील निरीक्षण चित्रसंपादकांना विशेष परिचयाचे वाटेल. एकमेकांवर आलेल्या आकृती दाखवल्या असता, नव्याने दृष्टी मिळालेल्यांना त्यांत दोन वस्तूंऐवजी अनेक सुटे तुकडे दिसत. रंग किंवा तेजस्विता बदलली, की त्यांच्या लेखी वस्तू बदले. संपादनाच्या प्रणालीतील ‘मॅजिक वाँड’ हे साधनही असेच वागते. सदऱ्यावर ठेवले, तर ते सदरा निवडत नाही, सारख्या रंगाचा डाग निवडते. आकृती हलू लागल्या, की मात्र एकत्र सरकणारे तुकडे एका वस्तूचे आहेत हे या रुग्णांना उमगत असे.

२०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात रंगीत आणि कृष्णधवल चित्रांची तुलना करण्यात आली. चित्रातील रंग काढून घेतले, तरी सामान्य दृष्टीची मुले वस्तू सहज ओळखतात. उशिरा दृष्टी मिळालेल्या मुलांची ओळखण्याची क्षमता मात्र लक्षणीय घटली. नवजात बालकाच्या शंकुपेशी अपरिपक्व असल्याने त्याला आरंभी रंग फारसे कळत नाहीत आणि त्याचा मेंदू छायाप्रकाशावर भिस्त ठेवायला शिकतो. या मुलांना पहिल्याच दिवशी सर्व रंग दिसले, त्यामुळे ती शिकवण राहून गेली, असे संशोधकांचे अनुमान आहे. जन्मजात मोतीबिंदू लवकरात लवकर ओळखून उपचार करणे किती आवश्यक आहे, हेही यातून अधोरेखित होते. त्याच वेळी, उशिरा का होईना, शस्त्रक्रियेचा लाभ होतो, हेही या उपक्रमाने दाखवून दिले आहे.

धुरके पुसता येते, पण पुसावे का?

आता मूळ छायाचित्राकडे वळू. हवेतील सूक्ष्म कण प्रकाश विखुरतात. दूरच्या वस्तूकडून येणारा प्रकाश वाटेत क्षीण होतो आणि त्यात विखुरलेला पांढुरका प्रकाश मिसळतो. परिणामी चित्रातील काळे भाग करडे होतात. तेजस्वितेचा आलेख, म्हणजे हिस्टोग्राम, पाहिला तर सर्व बिंदू एका अरुंद पट्ट्यात गोळा झालेले दिसतात. ‘लेव्हल्स’ या आज्ञेने हा पट्टा ० ते २५५ पर्यंत ताणला, की चित्र उठावदार होते.

याहून प्रभावी पद्धत २००९ साली पुढे आली. बाहेरच्या स्वच्छ दृश्यात, आकाश वगळता, जवळजवळ प्रत्येक लहान भागात तीन रंगांपैकी एखादा रंग अगदी कमी असलेला बिंदू सापडतो. धुरक्यात हा किमान आकडा वाढतो. किती वाढला, त्यावरून धुरक्याची दाटी अंदाजता येते आणि ती वजा करता येते. आजच्या संपादन प्रणालींमध्ये धुरके हटवण्याची तयार सोय असते.

मोबाइलचा कॅमेरा तर न विचारताच दुरुस्ती करतो. सप्टेंबर २०२० मध्ये वणव्यांमुळे सॅन फ्रान्सिस्कोचे आकाश नारिंगी झाले, तेव्हा अनेकांच्या मोबाइलमध्ये ते करडे उमटले. नारिंगी छटा दिव्याचा दोष आहे असे समजून यंत्राने ती काढून टाकली होती.

येथे जबाबदारीचा प्रश्न उभा राहतो. पर्यटन पुस्तिकेसाठी धुरके हटवणे हा सजावटीचा भाग मानता येईल. प्रदूषणाच्या बातमीसोबत तेच छायाचित्र दिले, तर ती खोटी साक्ष होते. धुरके अधिक गडद करणेही तितकेच गैर आहे. १९९४ च्या जून महिन्यात ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या अमेरिकी साप्ताहिकांनी एकाच आरोपीचे पोलिसांनी काढलेले छायाचित्र मुखपृष्ठावर छापले. ‘टाइम’ने ते काळवंडून छापल्यामुळे त्या साप्ताहिकावर कठोर टीका झाली.

मूळ छायाचित्रही प्रदूषणाचे मोजमाप नव्हे, हे ध्यानात घ्यायला हवे. पाण्याच्या थेंबांचे धुके आणि धुराचे कण चित्रात सारखेच दिसू शकतात. सूक्ष्म कणांचे प्रमाण यंत्राने मोजावे लागते. पीएम २.५ या कणांसाठी भारतातील २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे.

कायद्यानेही या बाबीची दखल घेतली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यावयाच्या प्रमाणपत्रात त्या नोंदीचे ‘हॅश’ मूल्य नमूद करावे लागते. हे मूल्य म्हणजे संपूर्ण फाइलवरून गणिताने काढलेली खूण होय. लाखो बिंदूंपैकी एकाचा आकडा एकाने बदलला, तरी खूण पूर्णपणे बदलते. डोळ्याला तो फरक कधीच दिसणार नाही.

त्यामुळे चित्रसंपादनाच्या विद्यार्थ्याने काही पथ्ये पाळणे हिताचे ठरते. मूळ फाइल जशीच्या तशी जपून ठेवावी. बदल स्वतंत्र थरावर करावेत आणि त्यांची नोंद ठेवावी. रंगाविषयी शंका आल्यास डोळ्यावर विसंबून न राहता आकडे पाहावेत. छायाचित्र बातमीसाठी असेल, तर केलेला बदल वाचकाला सांगावा. साधने दिवसेंदिवस सोपी होत असताना हा विवेक शिकवणे, हेच अशा वर्गांचे सर्वांत महत्त्वाचे काम आहे.